शाल-श्रीफळानंतर: पुरातून माणसे काढणाऱ्या होडीवाल्याच्या पदकाचा प्रस्ताव

आपण कळवलेली हकिगत थोडक्यात अशी. गेल्या जुलैत अतिवृष्टी आणि उधाणाची भरती एकाच दुपारी आली आणि खाडीकाठच्या आपल्या बाजारपेठेत पाणी शिरले. आपल्या चुलत काकांनी मासेमारीची स्वतःची होडी बंदरावरून थेट पेठेच्या गल्लीत आणली आणि दोन फेऱ्यांत सात माणसांना छपरांवरून व माडीवरून उतरवून देवळाच्या चौथऱ्यावर पोहोचवले. तिसऱ्या फेरीत होडी एका कुंपणाच्या लोखंडी खांबावर आपटून फुटली, काकांच्या खांद्याला मोठी जखम झाली आणि ज्या आजींसाठी ते निघाले होते त्या काका पोहोचण्याआधीच वाहून गेल्या. काकांचा पंधरा वर्षांचा मुलगा या सर्व वेळी चौथऱ्यावरून दोर धरून उभा होता. ग्रामपंचायतीने स्वातंत्र्यदिनी काकांना शाल आणि श्रीफळ दिले. आपला प्रश्न असा, की यापुढे शासनाचे पदक मिळू शकते का, त्यासाठी काय लिहून कुठे द्यावे, आणि काका स्वतः ‘मला काही नको, तो विषय काढू नका’ असे म्हणत असतील तर काय करावे.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत गेला आणि शेवटची काही वर्षे आपत्ती व्यवस्थापनाचे टेबल माझ्याकडे होते, त्यामुळे असे प्रस्ताव मी लिहिलेही आहेत आणि इतरांनी लिहिलेले तपासलेही आहेत. पदक मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ते कोणीच सांगू नये. मात्र काका पात्र आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या अनुभवात असे प्रस्ताव धाडस कमी पडल्यामुळे मागे पडत नाहीत, तर त्या दुपारी नेमके काय घडले हे कोणीही नेमकेपणाने लिहून न ठेवल्यामुळे मागे पडतात. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग लिहिण्याविषयीच आहे.

ज्या पदकाचा आपण विचार करावा ते केंद्र शासनाचे जीवन रक्षा पदक. १९६१ साली ही पदके सुरू झाली आणि त्यांच्या तीन श्रेणी आहेत: बचाव करणाऱ्याच्या जिवाला अत्यंत मोठा धोका असताना दाखवलेल्या असामान्य धैर्यासाठी सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, जिवाला मोठा धोका असताना दाखवलेल्या धैर्य आणि तत्परतेसाठी उत्तम जीवन रक्षा पदक, आणि गंभीर शारीरिक इजेचा धोका पत्करून केलेल्या बचावासाठी जीवन रक्षा पदक. बुडणे, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड कोसळणे, जनावराचा हल्ला, खाणीतील दुर्घटना अशा प्रसंगांत दुसऱ्याचा जीव वाचवणारी कोणतीही व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही व्यवसायातील असो, यासाठी पात्र ठरते. मरणोत्तरही हे पदक दिले जाते. पदकासोबत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आणि एकरकमी रक्कम असते, जी श्रेणीनुसार दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपये आहे. पदकावर अभयमुद्रेतला हात कोरलेला असतो. नावे प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जाहीर होतात आणि पदक प्रत्यक्षात नंतर राज्य शासनामार्फत दिले जाते. आकड्याचा अंदाज असावा म्हणून सांगतो, की २०२५च्या प्रजासत्ताक दिनाच्या वेळी जाहीर झालेल्या यादीत संपूर्ण देशातून तिन्ही श्रेणी मिळून ४९ नावे होती. त्यामुळे घरात आणि वाडीत आशा वाढवताना हा आकडा लक्षात असू द्यावा.

पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्यदले यांतील माणसांनी कर्तव्याचा भाग म्हणून केलेले बचावकार्य या पदकात बसत नाही. कर्तव्याबाहेर केलेले असेल तरच ते विचारात घेतले जाते. काकांना ही अडचण नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागेल: त्या दिवशी तहसीलच्या नियंत्रण कक्षाने खाजगी होड्या मागवल्या होत्या का, आणि मागवल्या असतील तर काका निरोप येण्याआधी निघाले की नंतर. आधी निघाले असतील तर ते वेळेसह लिहा. नंतर निघाले असतील तरी ते लपवू नका, कारण मच्छीमार हा शासनाचा नोकर नव्हे आणि बोलावल्यावर तो आला यात त्याचे धाडस कमी होत नाही. पण लपवलेली गोष्ट चौकशीत निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

कोकणातल्या गेल्या काही वर्षांतील आपत्तींकडे पाहिले तर धाडसाचे किती प्रकार असतात आणि त्यांतले किती थोडे या नियमांत बसतात हे ध्यानात येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. तेव्हा पुलाजवळच्या गॅरेजमधील एका कामगाराने पूल नाहीसा झाल्याचे ओळखून अंधारात रस्त्यावर उभे राहून पुढच्या गाड्या थांबवल्या आणि पोलिसांना कळवले. त्याने किती जीव वाचवले हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण वाचलेल्या माणसांनाच आपण वाचलो हे नीट कळले नसेल. गाडी थांबली, वळली आणि ती घरी गेली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा तेथील एसटी आगाराचे व्यवस्थापक आणि सहकारी आगारातील सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. हेही मोठे धैर्य आहे, परंतु जीव वाचवणे हा जीवन रक्षा पदकाचा निकष असल्यामुळे त्याची दखल दुसऱ्या मार्गानेच घ्यावी लागते. आपल्या काकांच्या बाबतीत वाचलेली सात माणसे हयात आहेत, त्यांची घरे त्याच पेठेत आहेत आणि कोणी त्यांना काढले हे त्यांना ठाऊक आहे. प्रस्तावाच्या दृष्टीने याहून मोठी अनुकूलता नाही, म्हणून ती वाया जाऊ देऊ नका.

वाया कशी जाते हे मला माझ्याच चुकीवरून माहीत आहे. मंडळ अधिकारी असताना माझ्या मंडळात पावसाळ्यात एका पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, वाहून गेला आणि शाळेतून परतणारी दोन मुले पाण्यात पडली. शेतात लावणी करणाऱ्या एका बाईंनी प्रवाहात उतरून दोघांनाही बाहेर काढले. मी त्याच संध्याकाळी तेथे गेलो होतो, त्या बाईंशी बोललो होतो, आणि तरीही मी जो अहवाल लिहिला तो जेमतेम आठ ओळींचा होता. त्यात ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ हे शब्द होते, ‘अतुलनीय शौर्य’ हे शब्द होते, परंतु पाणी किती खोल होते, मुले साकवापासून किती अंतर वाहत गेली, बाईंना पोहता येत होते की नाही, काठावर कोण होते, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. सुमारे वर्षभराने वरच्या कार्यालयातून हेच प्रश्न विचारणारे पत्र आले. तोवर ज्या गड्याने सर्व पाहिले होते तो मुंबईला कामाला गेला होता, दुसऱ्या साक्षीदाराला आता काही वेगळेच आठवत होते, आणि त्या पऱ्यावर नवा साकव झाल्यामुळे जुनी जागाही राहिली नव्हती. उत्तरे गोळा होईपर्यंत मुदत निघून गेली. त्या बाई नंतरही मला बाजारात भेटत आणि आदराने बोलत. त्यांना पदकाची अपेक्षा नव्हती. पण त्यांच्या हक्काची नोंद माझ्या आठ ओळींमुळे झाली नाही, हे मला आजही बोचते.

मुदत म्हणजे काय, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत प्रस्ताव केंद्राकडे पोहोचलेला असावा लागतो. दोन वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत कागद जायला आणि एकदा शंका निघून परत यायला त्यातले बहुतेक महिने लागतात. घटना गेल्या जुलैतली आहे, म्हणजे काही महिने आधीच खर्ची पडले आहेत. हे उत्तर वाचल्यावर पहिल्या आठवड्यातच कामाला लागावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता लिहिण्याविषयी. आपण पाठवलेल्या मसुद्यात पहिल्याच वाक्यात ‘जिवाची पर्वा न करता’ असे आले आहे. हा वाक्प्रयोग प्रत्येक सत्काराच्या भाषणात आणि प्रत्येक बातमीत असतो, त्यामुळे निर्णय घेणाऱ्याला त्यातून काहीही समजत नाही. शिवाय तो बहुतेक वेळा खराही नसतो. काकांना जिवाची पर्वा होती. म्हणूनच त्यांनी मुलाला होडीत न घेता चौथऱ्यावर उभे केले, कमरेला दोर बांधला, आणि पहिल्या फेरीला गल्लीच्या मधोमध न जाता भिंतीच्या कडेने वाशाने होडी रेटत नेली. ज्याला धोका कळतो आणि जो तो कमी करण्याची शक्य तेवढी तजवीज करून मग पुढे जातो, त्याचे धाडस कागदावर अधिक स्पष्ट दिसते, कारण त्याने टाळायचा प्रयत्न केलेला धोका किती मोठा होता हे त्याच्या खबरदारीवरूनच कळते. म्हणून विशेषणे काढून टाका आणि त्यांच्या जागी कृती लिहा.

घटनेचे वर्णन साधारण कसे असावे याचा नमुना देतो. यातील वेळा आणि अंतरे मी केवळ दाखवण्यासाठी घातली आहेत. ती आपण प्रत्यक्ष मोजून आणि विचारून भरायची आहेत.

‘दुपारी सुमारे सव्वातीन वाजता, भरती पूर्ण होण्यास अंदाजे एक तास बाकी असताना, पेठेतील रस्त्यावर छातीइतके पाणी होते व ते खाडीकडून आत न येता डोंगराच्या बाजूने खाडीकडे वेगाने वाहत होते. पाण्यात गॅसचे सिलिंडर, ओंडके व दुकानांचे लाकडी सामान वाहत येत होते. वीजपुरवठा खंडित झाल्याची खात्री त्या वेळी कोणालाही नव्हती. बचावकर्ते आपली होडी वाशाने रेटत देवळापासून सुमारे दीडशे मीटर अंतरावरील दुमजली घरापर्यंत गेले. घराच्या माडीच्या खिडकीतून त्यांनी दोन लहान मुले, त्यांची आई व एक वृद्ध गृहस्थ यांना होडीत घेतले. परत येताना प्रवाहामुळे होडी दोन वेळा आडवी झाली. दुसऱ्या वेळी बचावकर्ते स्वतः पाण्यात उतरले व होडीची नाळ (पुढचे टोक) धरून त्यांनी ती भिंतीला टेकवली.’

या परिच्छेदात एकही स्तुतीचा शब्द नाही. तरीही तो वाचणाऱ्या माणसाला, मग तो कधी कोकणात आलेला नसला तरी, त्या गल्लीत उभे राहिल्यासारखे वाटले पाहिजे. हेच आपल्याला साधायचे आहे. दिल्लीतील समितीपुढे असलेल्या कागदांत काश्मीरमधला बर्फ असतो, केरळातील नदी असते, एखाद्या शहरातली आग असते. आपल्याकडचे पाणी कसे वागते हे तेथे कोणालाही आपोआप ठाऊक नसते. सह्याद्रीपासून समुद्र येथे फार दूर नाही, नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाडीच्या तोंडाशी येतो, आणि त्याच वेळी भरती असेल तर त्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही. पाणी चढण्याचा वेग, भरती उलटल्यावर ओढ अचानक वाढणे, खाडीच्या गाळात पाय रुतणे, या गोष्टी आपल्याला इतक्या परिचयाच्या आहेत की आपण त्या लिहायचे विसरतो. धोक्याचा अर्धा भाग याच न लिहिलेल्या गोष्टींत असतो.

पुराव्याच्या बाबतीत सर्वांत वजनदार कागद म्हणजे वाचलेल्या माणसांचे जबाब. सातही जणांचे जबाब वेगवेगळे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या शब्दांत घ्यावेत. एकाच नमुन्याखाली सात सह्या आणलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्या सात सह्यांची किंमत एका जबाबाइतकीही राहत नाही. जबाबांत थोडाफार फरक येणारच. एकाला होडी डावीकडून आल्याचे आठवेल, दुसऱ्याला उजवीकडून. तो फरक राहू द्या. मुलांचे म्हणणे त्यांच्या आईसमोर घ्या आणि तेही जसेच्या तसे लिहा. जे काठावर उभे होते, विशेषतः जे काकांचे नातेवाईक नाहीत, त्यांच्यापैकी किमान दोघांचे जबाब असावेत. आपण स्वतः पुतणी आहात, तेव्हा साक्षीदार म्हणून आपले नाव शक्यतो घालू नका. जुळवाजुळव मात्र आपणच करा, कारण दुसरे कोणी करणार नाही.

त्याखेरीज काही कागद कार्यालयांत आधीपासूनच तयार असतात आणि केवळ मागायचे असतात. पुरानंतर तलाठ्याने केलेले नुकसानीचे पंचनामे, त्या दिवशीच्या मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद, बंदर कार्यालयाकडील भरती-ओहोटीचे वेळापत्रक, मृत आजींच्या संदर्भात पोलिसांनी केलेली अकस्मात मृत्यूची नोंद, आणि काकांच्या खांद्याला टाके घातले त्या दवाखान्याचे केसपेपर. हा शेवटचा कागद बहुतेकांकडून हरवतो. लोकांनी मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती मिळवताना त्या पुढे पाठवलेल्या स्वरूपात न घेता ज्याने काढल्या त्याच्याच फोनमधून घ्या, म्हणजे तारीख आणि वेळ त्यांच्यासोबत राहील. पेठेचा हाताने काढलेला साधा नकाशाही जोडा, ज्यात देऊळ, दोन्ही घरे, होडीचा मार्ग आणि होडी फुटली ती जागा दाखवलेली असेल. पाण्याची खूण भिंतीवर अजून असेल तर तलाठ्यासमोर टेपने मोजून घ्या. येत्या उन्हाळ्यात रंगकाम झाले की ती जाईल.

प्रस्तावाचा मार्ग असा, की आपला अर्ज आणि जोडपत्रे तहसीलदारांकडे द्यावीत, तेथून चौकशी अहवालासह ती प्रांताधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, पोलिसांकडून काकांची चारित्र्य पडताळणी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस राज्य शासनाकडे व तेथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. तेथील पुरस्कार समितीने केलेल्या शिफारशींना पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांची मान्यता लागते. केंद्र शासनाचे राष्ट्रीय पुरस्कारांसाठी एकत्रित संकेतस्थळ आहे आणि नामांकने त्यावरून घेतली जातात. परंतु संकेतस्थळावर माहिती भरली म्हणजे काम झाले असे समजू नका. जिल्ह्याची शिफारस हाच प्रस्तावाचा कणा आहे, आणि ती तहसीलच्या टेबलावरून नीट निघाली तरच पुढे नीट जाते. अर्ज देताना पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन विचारा. कोणती श्रेणी मिळावी हे अर्जात मागण्याचा आग्रह धरू नका. घटना नीट लिहिली असेल तर श्रेणी तिच्यातूनच ठरते.

आपण महामार्गावरील अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या बक्षिसाचाही उल्लेख केला आहे. ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची वेगळी योजना आहे, अपघातातील जखमीला पहिल्या महत्त्वाच्या तासात दवाखान्यात नेणाऱ्यासाठी, आणि तिचा आपल्या प्रसंगाशी संबंध नाही.

मुलाविषयी मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. बालकांच्या शौर्याचा सन्मान करण्याची प्रथा आपल्याकडे १९५७ पासून आहे. त्या वर्षी गांधीजयंतीला दिल्लीच्या रामलीला मैदानावरील मंडपाला आग लागली असता एका चौदा वर्षांच्या बालवीराने अनेकांना बाहेर काढले, आणि त्यातून ही प्रथा सुरू झाली. आज केंद्र शासनाचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना दिला जातो आणि त्यात शौर्याचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या चुलतभावाने वाहत्या पाण्याच्या कडेला एवढा वेळ दोर सोडला नाही, हे लहान काम नव्हे. तरीही त्याच्यासाठी वेगळा अर्ज करावा की नाही हे त्याच्या आईवडिलांशी आणि त्याच्याशी बोलून ठरवा. त्याने पाण्यात उडी मारली नाही, वडिलांनी सांगितलेली जागा सोडली नाही आणि दोर धरून ठेवला. वडिलांच्या प्रस्तावात ही गोष्ट जशीच्या तशी, त्याच्या नावासह, येऊ द्या. त्याचे काम फुगवून त्याला पाण्यात उतरवू नका. अशा मुलांना पुढे शाळेत आणि गावात तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, आणि कागदावरचे फुगवलेले रूप त्याला आयुष्यभर वागवावे लागते.

आता काकांचे ‘मला काही नको’. आपण लिहिले आहे की ते विनयाने असे म्हणत असावेत. मला तसे वाटत नाही. पुरातून, दरडीतून माणसे काढलेल्या पुष्कळ जणांशी मी बोललो आहे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना काढलेल्या माणसांपेक्षा न काढता आलेली माणसे अधिक आठवतात. आपल्या काकांनी सात माणसे आणली हे सारा गाव सांगतो. काका मात्र रात्री न आणता आलेले आठवे माणूस मोजत असतील. सत्काराच्या दिवशी त्या आजींच्या घरचे लोकही समोर बसलेले असतात आणि शाल खांद्यावर घेणाऱ्याला त्यांच्याकडे पाहावत नाही. हे बोलून दाखवायची पुरुषांना सवय नसते, म्हणून ते ‘नको’ या एका शब्दात येते.

त्यांच्या या नकाराचा मान राखून काय करता येईल ते सांगतो. प्रथम, पदकाचा विषय बाजूला ठेवा आणि त्यांचे म्हणणे एका बैठकीत सलग लिहून घ्या, शक्य तर होडीजवळ बसून. घरातल्या खुर्चीवर बसवून विचारलेल्या प्रश्नांना मच्छीमार एका शब्दात उत्तर देतो. होडीला हात लावला की त्याला कोणत्या क्षणी नाळ कुठे होती हेही आठवते. मध्ये प्रश्न विचारू नका. ते थांबतील तेथे थांबा. तिसऱ्या फेरीबद्दल सांगायला त्यांनी नकार दिला तर त्या दिवशी तेथेच थांबावे. रात्रीची झोप उडाली असेल, पाऊस सुरू झाला की ते बेचैन होत असतील किंवा होडीवर जायचे टाळत असतील, तर पदकाच्या आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. या कामाला प्रस्तावापेक्षा अधिक घाई आहे.

दुसरे, तिसरी फेरी प्रस्तावातून वगळू नका. आपल्या मसुद्यात ती नाही. आजी वाचल्या नाहीत म्हणून ती काढून टाकली असावी, हे मी समजू शकतो. परंतु दोन फेऱ्या करून थकलेला, पाणी किती ओढते हे आता पुरते माहीत असलेला माणूस पुन्हा निघाला, होडी फुटली, खांदा फाटला, तरी तो पोहत त्या अंगणापर्यंत गेला, हा त्या दुपारचा सर्वांत अवघड भाग आहे. तो वगळल्यास प्रस्ताव अपुरा तर होईलच, शिवाय काकांना असे वाटेल की त्यांची तिसरी फेरी लपवण्यासारखी होती. आजींच्या घरच्यांना आधी भेटा, काय लिहिणार आहोत ते वाचून दाखवा आणि त्यांची संमती घ्या. माझ्या अनुभवात अशा घरांनी कधी नकार दिला नाही. उलट आपल्या माणसासाठी कोणीतरी निघाले होते, हे कागदावर आलेले त्यांना हवेच असते. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाचा जबाबही घ्या.

किनाऱ्यावरच्या माणसांना हे नवे नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी ती मासळी समुद्रात टाकून आपल्या होड्यांत माणसे घेतली, असे आजही सांगितले जाते. एका दिवसाची संपूर्ण कमाई त्यांनी पाण्यात सोडली. त्या काळी जीवन रक्षा पदक नव्हते आणि त्या कोळ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. काका पुन्हा ‘कशाला हवे’ म्हणाले तर त्यांना एवढेच विचारा, की त्या होड्यांवरच्या तांडेलांची, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांची, नावे आपल्याला माहीत असती तर बरे वाटले असते की नाही. उत्तर त्यांच्यावर सोडा, आग्रह करू नका. नामांकन दुसऱ्या व्यक्तीला करता येते, परंतु त्यांच्या मनाविरुद्ध प्रस्ताव पुढे रेटू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्यावर थांबावे लागले तरी जबाब आणि कागद गोळा करून ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक प्रत ठेवता येते.

शेवटी होडीविषयी, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख एकाच ओळीत येऊन गेला आहे. पदकाची रक्कम मिळालीच तर ती दीड-दोन वर्षांनी मिळेल, आणि काकांचे पोट होडीवर आहे. नैसर्गिक आपत्तीत नुकसान झालेल्या मच्छीमार होड्यांच्या दुरुस्तीसाठी वा नव्या होडीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मदत मिळते. त्यासाठी होडीची नोंदणी चालू असावी लागते आणि नुकसानीचा पंचनामा व्हावा लागतो. होडी खाडीत मासेमारी करताना नव्हे, तर पेठेत बचाव करताना फुटली, यामुळे पंचनामा करणारा कर्मचारी अडखळला असण्याची शक्यता आहे. तसे झाले असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना एकाच मजकुराचे लेखी निवेदन द्या, त्यात होडी त्या दिवशी कोणत्या कामासाठी पेठेत आली होती हे लिहा, आणि वाचलेल्या सात जणांच्या सह्या या एका निवेदनाखाली मात्र एकत्र घ्या. हे निवेदन पदकाच्या प्रस्तावाची वाट न पाहता येत्या सोमवारीच नेऊन द्यावे.